पोलिसांशी बोलून नेमकं काय होतं? अमेरिकेतल्या संवादसभा समजून घेताना

अमेरिकेतल्या शहराशहरांत एक प्रकारची सभा भरते. जागा बहुतेक वेळा चर्चचा हॉल किंवा सार्वजनिक वाचनालय, वेळ संध्याकाळची. पोलीसप्रमुख गणवेशात येतात, सोबत चार-दोन अधिकारी. समोर वस्तीतली माणसं: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची), गोरी, अलीकडे आशियाईही. प्रश्न घोळून फिरून एकच असतो. रंग पाहून पोलिसांची वागणूक बदलते का, आणि बदलत असेल तर त्याचं करायचं काय?

याला तिकडे ‘कम्युनिटी डायलॉग’ म्हणतात. २५ मे २०२० रोजी मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि अशा सभांचं पेवच फुटलं. न्यूयॉर्क राज्यात तर ती सक्तीच झाली. गव्हर्नरने जून २०२० मध्ये आदेश काढला, क्रमांक २०३. ज्या गावाचं किंवा शहराचं स्वतःचं पोलीस खातं आहे, त्याने लोकांशी बोलून सुधारणेचा आराखडा तयार करायचा, स्थानिक सभागृहात मंजूर करून घ्यायचा आणि १ एप्रिल २०२१ पर्यंत राज्याकडे पाठवायचा. नाहीतर राज्याचा निधी अडू शकतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, चर्चेचं आणखी एक गुऱ्हाळ. बऱ्याच ठिकाणी ते तसंच झालं, हे खरं आहे. पण काही ठिकाणी त्यातून ठोस हाती लागलं. फरक कशाने पडला, ते या लेखात पाहू.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आपल्याकडे पोलीस खातं राज्याचं असतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) वेगळं, विद्यापीठाचं वेगळं, कुठे कुठे रेल्वेचं वेगळं. शहराचा पोलीसप्रमुख साधारणपणे महापौर किंवा शहर प्रशासन नेमतं. काउंटीचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ; त्याला बहुतेक ठिकाणी लोक मतदानाने निवडतात. गाडीचा पाठलाग कधी करायचा, बंदूक कधी रोखायची, अंगावरचा कॅमेरा कधी सुरू करायचा, याचे नियम ज्या त्या खात्याच्या नियमावलीत असतात. म्हणून ‘स्थानिक पोलिसांशी बोलणं’ याला तिकडे अर्थ आहे. वॉशिंग्टनला निवेदन पाठवण्यापेक्षा आपल्या गावच्या पोलीसप्रमुखाला गाठणं अनेकदा जास्त कामाचं ठरतं.

आता तक्रार काय आहे ते पाहू. बातम्यांत येतात ते मृत्यू. पण सभांमध्ये लोक बोलतात ते बहुतेक रोजच्या अडवाअडवीबद्दल. १९६८ च्या ‘टेरी विरुद्ध ओहायो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेइतका पुरावा नसला तरी ‘वाजवी संशय’ असेल तर पोलीस माणसाला थांबवू शकतो, आणि त्याच्याकडे शस्त्र असल्याची रास्त शंका असेल तर अंग चाचपूही शकतो. १९९६ च्या ‘रेन’ खटल्यात आणखी मोकळीक मिळाली. वाहतुकीचा किरकोळ नियम खरोखर मोडला गेला असेल, तर अडवण्यामागचा पोलिसाचा खरा हेतू काय होता हे न्यायालय पाहणार नाही. मागचा दिवा बंद, लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही, एवढं पुरेसं. ज्याने कधी गाडी चालवली आहे त्याला ठाऊक असेल की असा एखादा नियम कुणाचाही, कधीही मोडतो. मग अडवायचं कुणाला, हे पोलिसाच्या मनावर.

न्यूयॉर्क शहराने ही मोकळीक टोकाला नेली. २०११ या एका वर्षात पोलिसांनी लोकांना ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा रस्त्यावर थांबवलं. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २०१३ मध्ये शहराच्या विरोधात निकाल देताना २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंतच्या ४४ लाख नोंदी विचारात घेतल्या. थांबवलेल्यांत ८३ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. शहराच्या लोकसंख्येत हे दोन्ही गट मिळून निम्म्याच्या आसपास. थांबवलेल्या १०० जणांपैकी ८८ जणांवर पुढे कुठलीही कारवाई झाली नाही.

यावर पोलिसांचं एक ठरलेलं उत्तर असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही: जिथे गुन्हे जास्त तिथे आम्ही जास्त, म्हणून आकडे असे दिसतात. नुसती लोकसंख्येशी तुलना करून भेदभाव सिद्ध होत नाही, हे बरोबरच आहे. मग सिद्ध कसा करायचा? अभ्यासकांनी दोन चांगल्या युक्त्या काढल्या आहेत. संवादसभेला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या माहीत असाव्यात असं मला वाटतं.

पहिली युक्ती म्हणजे झडतीत काय सापडलं ते पाहणं. पोलीस सगळ्यांना एकाच निकषावर अडवत असतील तर गोरा असो की कृष्णवर्णीय, सापडण्याचं प्रमाण साधारण सारखं यायला हवं. न्यूयॉर्कच्या त्याच निकालातले आकडे बघा. थांबवलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १ टक्का लोकांकडे शस्त्र सापडलं, हिस्पॅनिकांपैकी १.१ टक्के, आणि गोऱ्यांपैकी १.४ टक्के. अमली पदार्थ वगैरेंचंही तेच: १.८, १.७ आणि गोऱ्यांत २.३ टक्के. म्हणजे गोऱ्या माणसाला थांबवायला पोलिसांना जरा जास्त ठोस कारण लागत होतं. बाकीच्यांना थोड्याशा शंकेवरही चालत होतं.

दुसरी युक्ती अंधाराची. दिवसा गाडीत कोण बसलंय ते दिसतं, अंधार पडल्यावर दिसत नाही. संध्याकाळी सातचीच वेळ घ्या. उन्हाळ्यात तेव्हा लख्ख उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. घड्याळातली वेळ तीच, त्यामुळे रस्त्यावरचे लोक आणि पोलीस साधारण तेच. फरक फक्त उजेडाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने देशभरातल्या जवळपास १० कोटी वाहन-अडवणुकींच्या नोंदी जमवल्या आणि त्यांवर ही कसोटी लावली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अंधार पडल्यावर अडवलेल्या चालकांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटलेलं दिसलं. चेहरा दिसेनासा झाला की अडवणं कमी होतं, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

न्यूयॉर्कचं पुढे काय झालं, तर २०१६ पर्यंत अशा अडवणुकी १२ हजारांच्या घरात आल्या. गुन्हे वाढतील अशी भीती घातली जात होती. त्याच काळात शहरातले खून घटले.

इथे थोडं विषयांतर करतो. ‘हा काळ्या-गोऱ्यांचा वाद, आपला काय संबंध’ असं म्हणणारे आपले लोक तिकडे खूप आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन शहरात, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ फेरफटका मारत होते. इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला, एक सडपातळ काळा माणूस इथे फिरतोय म्हणून. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेच्या मणक्याला मार बसला आणि त्यांना अंशतः लकवा आला. राज्याच्या गव्हर्नरने माफी मागितली. अधिकारी मात्र शेवटी खटल्यातून सुटला. फोन करणाऱ्याला दिसला तो फक्त रंग.

पुन्हा मूळ मुद्द्याकडे. पोलिसांशी बोलायचं म्हणजे पोलिसांच्या वागण्याबद्दलच बोलायचं, अशी सर्वसाधारण समजूत असते. मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन या छोट्या शहराने ती खोटी ठरवली. २०१४ मध्ये तिथे मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली, दंगे झाले, आणि केंद्रीय न्याय खात्याने अख्ख्या पोलीस खात्याचीच चौकशी केली. मार्च २०१५ च्या अहवालात दिसलं की शहराची ६७ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय, पण अटक झालेल्यांत ते ९३ टक्के. त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच होती. शहराचं बजेट दंडाच्या पैशावर चालत होतं. दंडाची वसुली वाढवा म्हणून शहराच्या अर्थ विभागाकडून पोलीसप्रमुखाला ईमेल जात होते.

त्या अहवालातलं एका बाईचं प्रकरण वाचून मी थक्क झालो होतो. २००७ मध्ये तिने गाडी चुकीच्या जागी लावली. एकदाच. १५१ डॉलर दंड, वर फी. बाई गरीब, मधूनमधून बेघर. तारखांना हजर राहिली नाही, की नवा गुन्हा, नवा दंड. सात वर्षांत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढावे लागले, ५५० डॉलर भरून झाले आणि २०१४ च्या अखेरीस अजून ५४१ डॉलर देणं बाकीच होतं.

आता कल्पना करा, फर्ग्युसनमध्ये संवादसभा भरली आहे आणि पोलीसप्रमुख सांगताहेत की आमचे शिपाई यापुढे नम्रपणे बोलतील. नम्रपणे पावती फाडून त्या बाईचं काय भलं होणार होतं? त्या सभेत बसायला हवे होते शहराचे अर्थ अधिकारी आणि दंड लावणाऱ्या नगर न्यायालयाचे न्यायाधीश. संवादात कोण बसलंय यापेक्षा कोण बसलेलं नाही, हे आधी बघावं.

हाच हिशेब लोकांच्या बाजूलाही लागू होतो. संध्याकाळी साडेसहाच्या सभेला येतात ते निवृत्त लोक, घरमालक, संस्थांचे पदाधिकारी. ज्या पोराला आठवड्यातून दोनदा अडवतात तो त्या वेळी कामावर असतो, किंवा पोलीस असलेल्या खोलीत पाऊल ठेवायलाच घाबरतो. कागदपत्रं नसलेले स्थलांतरित तर येतच नाहीत. जाणते आयोजक म्हणून आधी तरुणांच्या, भाडेकरूंच्या वेगळ्या बैठका घेतात, पोलिसांशिवाय, आणि तिथले मुद्दे पुढे आणतात. सभेत लहान गट करतात, दोन्ही बाजूंना न ओळखणारा मध्यस्थ बसवतात, कॅमेरे बंद ठेवतात. पोलिसांचीही बाजू मग निघते. मानसिक आजारी माणसाने घर डोक्यावर घेतलं तरी आम्हालाच बोलावतात, आम्ही काय डॉक्टर आहोत का, हा त्यांचा नेहमीचा सवाल. तो रास्त आहे. डेन्व्हरने जून २०२० पासून अशा काही फोनवर पोलिसांऐवजी मानसोपचार कर्मचारी आणि पॅरामेडिक (तातडीचे उपचार करणारे) यांची व्हॅन पाठवायला सुरुवात केली.

मध्यस्थीची ही कल्पना नवी नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानेच वांशिक तंटे सोडवण्यासाठी ‘कम्युनिटी रिलेशन्स सर्व्हिस’ नावाचा केंद्रीय विभाग काढला होता. १९६७ मध्ये डेट्रॉइट, न्यूअर्क ही शहरं दंगलींनी पेटल्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी कर्नर आयोग नेमला. त्याने १९६८ मध्ये लिहून ठेवलं की कित्येक दंगलींची ठिणगी पोलिसांच्या साध्यासुध्या कारवाईतून पडली, कारण तक्रार ऐकणारं कुणी नव्हतं. त्यानंतर दर दहा-वीस वर्षांनी नवा आयोग, नवा अहवाल, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

या रांगेत सिनसिनाटी वेगळं उठून दिसतं. ओहायोतल्या या शहरात एप्रिल २००१ मध्ये टिमथी थॉमस हा १९ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच्यावर १४ वॉरंट होती, बहुतेक वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांची. शहरात कित्येक दिवस दंगल झाली. त्याआधीच पोलिसांच्या वांशिक भेदभावाविरुद्ध खटला दाखल झालेला होता. न्यायाधीश सुझन ड्लॉट यांनी सुचवलं की वर्षानुवर्षं लढत बसण्याऐवजी सगळ्यांनी मिळून तोडगा काढावा, आणि त्यासाठी मध्यस्थ नेमला.

मध्यस्थाने आधी कुणालाही समोरासमोर बसवलं नाही. शहराचे आठ गट पाडले: कृष्णवर्णीय, गोरे, इतर अल्पसंख्य, तरुण, व्यापारी व शिक्षण क्षेत्रातले लोक, चर्च आणि समाजसेवेतले लोक, शहराचे कर्मचारी, आणि साधे पोलीस व त्यांचे कुटुंबीय. प्रत्येकाला विचारलं: पोलीस आणि लोक यांच्या नात्यात तुम्हाला काय घडायला हवंय, ते तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं, आणि ते कसं होईल? सुमारे साडेतीन हजार लोकांनी उत्तरं दिली. चूक कुणाची, हा प्रश्न यादीत नव्हताच. त्यामुळे उखाळ्यापाखाळ्या टळल्या आणि गटागटांची उत्तरं बरीच जुळली. पोलिसालाही सन्मानाची वागणूक हवी होती आणि कोपऱ्यावरच्या पोरालाही.

एवढ्यावर थांबले असते तर तेही एक छान सर्वेक्षण होऊन कपाटात गेलं असतं. एप्रिल २००२ मध्ये त्याचा करार झाला. त्यावर शहराने सही केली, नागरी हक्क संघटनांनी केली आणि पोलिसांच्या युनियननेही केली. करार न्यायालयाच्या देखरेखीखाली, बाहेरचा निरीक्षक, तक्रारींसाठी पोलिसांपासून स्वतंत्र प्राधिकरण, दरवर्षी आकडेवारीची तपासणी. सुरुवातीला शहर प्रशासनाने टाळाटाळ केली, तेव्हा न्यायालयाला कान पिळावा लागला. हे सहा वर्षं चाललं. इतकी वर्षं कुणीतरी मागे लागलं म्हणून ते रुजलं.

तरीही त्याला मर्यादा होत्याच. २०१५ मध्ये त्याच शहरात, गाडीला पुढची नंबरप्लेट नाही म्हणून अडवलेल्या एका कृष्णवर्णीय चालकाला पोलिसाने डोक्यात गोळी घातली. तो पोलीस शहराचा नव्हता, सिनसिनाटी विद्यापीठाच्या खात्याचा होता. सगळा करार शहर पोलिसांसाठी. विद्यापीठाच्या पोलिसांना तो लागूच नव्हता. १८ हजार खात्यांचा अर्थ हा असा.

आता मिनियापोलिस. पोलीस आणि लोकांमधला विश्वास वाढवण्यासाठी न्याय खात्याच्या मदतीने एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आणि २०१५ मध्ये त्यासाठी सहा शहरं निवडली गेली. त्यांत मिनियापोलिस होतं. पोलिसांना ‘प्रक्रियात्मक न्याया’चं प्रशिक्षण मिळालं. नाव बोजड असलं तरी त्यामागचं म्हणणं सोपं आहे: समोरच्याला बोलू द्या, सगळ्यांना एकच नियम लावा, आदराने वागा, आपण हे का करतोय ते सांगा. टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून हे आलं. निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी वागणूक न्याय्य वाटली तर लोक तो मानतात, असं त्याला दिसलं होतं. ही मांडणी मला पटते. पण पाच वर्षांनी याच शहरात जॉर्ज फ्लॉइड मेला, आणि त्याच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या डेरेक शॉविनविरुद्ध त्याआधी डझनभराहून जास्त तक्रारी नोंदलेल्या होत्या. त्या तक्रारींमधून त्याची नोकरी हलली नव्हती.

हे कसं घडतं? पोलिसांच्या शिस्तभंगाचे नियम बऱ्याच शहरांत युनियनबरोबरच्या करारात ठरतात. तो करार बंद दाराआड होतो. प्रमुखाने एखाद्याला काढलं, तरी लवादाकडे जाऊन तो परत रुजू होऊ शकतो. संवादसभेत प्रमुख मनापासून ‘कारवाई करू’ म्हणाले तरी त्यांच्या हातात तेवढं असेलच असं नाही. म्हणून युनियनचा करार कधी संपतोय आणि नव्या वाटाघाटीत शहरातर्फे कोण बसणार, हा सभेत विचारण्यासारखा सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न. तो फारसं कुणी विचारत नाही.

काही गोष्टी तर शहराच्याही हाताबाहेरच्या. बळाचा वापर योग्य होता का, हे त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या ‘ग्रॅहम’ खटल्यात ठरवलंय. नुकसानभरपाईच्या दाव्यात अधिकाऱ्याला मिळणारं संरक्षण हेही न्यायालयांनी घडवलेलं. तिथे प्रमुखाला धारेवर धरून उपयोग नाही. मात्र खातं स्वतःची नियमावली न्यायालयाच्या किमान मर्यादेपेक्षा कडक करू शकतं. गळा दाबायचा नाही, सहकारी चुकत असेल तर त्याला अडवायचं, हे नियम अनेक खात्यांनी २०२० नंतर स्वतः होऊन घातले.

जुन्या जखमांचंही बोलावं लागतं, आणि तिथे नियम कामाचे नाहीत. जॉर्जियातल्या लाग्रेंज गावात १९४० मध्ये ऑस्टिन कॅलवे या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या टोळक्याने पोलीस कोठडीतून उचलून नेलं आणि गोळ्या घातल्या. चौकशी अशी झालीच नाही. जानेवारी २०१७ मध्ये गावचे गोरे पोलीसप्रमुख लुई डेकमार यांनी चर्चमध्ये उभं राहून त्याबद्दल खात्याच्या वतीने माफी मागितली. त्या कोठडीशी संबंध असलेलं कुणी आता खात्यात नाही, मग माफी कशाला, असं म्हणणारे गावात होतेच. पण ज्या घरांत ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती, त्यांच्या लेखी खातं तेच होतं.

वरून लावायचा दाब आता सैल झालाय. एखाद्या पोलीस खात्यात भेदभावाची पद्धतच पडली असेल तर केंद्र सरकार त्याला न्यायालयात खेचू शकतं. १९९४ च्या कायद्याने तो अधिकार दिला. मिनियापोलिसबद्दल २०२३ मध्ये न्याय खात्याचा कडक अहवालही आला होता. मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्याने मिनियापोलिस आणि केंटकीतल्या लुइव्हिल या शहरांशी पोलीस सुधारणेचे प्रस्तावित करार सोडून दिले. मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने शहराशी वेगळा, न्यायालयाच्या देखरेखीखालचा करार मात्र आधीच करून ठेवला होता, त्यामुळे तिथलं काम थांबलं नाही.

शिकागोने तिसराच मार्ग धरला. २०२१ मध्ये शहराने नियम केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांच्या २२ डिस्ट्रिक्टमधून प्रत्येकी तीन, अशा ६६ जागांसाठी नागरिकांची मतदानाने निवड झाली. त्यांनी आपापल्या डिस्ट्रिक्टमध्ये नियमित जाहीर सभा घ्यायच्या, लोकांचं म्हणणं पोलिसांपर्यंत न्यायचं आणि शहरपातळीच्या आयोगावर कोण असावं यासाठी नावं सुचवायची. खात्याचं धोरण ठरवण्यात त्या आयोगाला अधिकार आहे. सभेत तिथेही आरडाओरडा होतो, माणसं उठून जातात, कधी खुर्च्या रिकाम्या राहतात. पण पुढच्या महिन्याची सभा ठरलेली असते, आणि ती घेणाऱ्यांना पुन्हा मतं मागायला त्याच लोकांसमोर यावं लागतं.